वन्संच्या घरचं अळणी

माझ्या थोरल्या नणंदेचा मला मत्सर वाटायचा. आज हे लिहिताना लाज वाटत नाही, कारण तेव्हाही फारशी वाटत नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ह्यांची देवासच्या कारखान्यात नोकरी, चाळिशी नुकतीच उलटलेली, आणि हृदय थकलं. मुंबईला नेऊन छातीत यंत्र बसवून आणलं. खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा दिसायचा. कॉलनीतल्या बायका येऊन आता भिया, म्हणजे भाऊ, ठणठणीत होणार असं सांगून, चहा पिऊन जायच्या. इंदूरच्या डॉक्टरांनी मात्र मला बाजूला घेतलं.

"मशीन धड़कन संभालेगी, बहनजी, लेकिन बदन तो खाने से ही चलेगा. ऐसे ही सूखते रहे तो मशीन अकेली क्या करेगी?"

मीठ बंद, पाणी मोजून, आणि वजन मात्र उतरता कामा नये, असं त्यांनी बजावलं.

मी कंबर कसली. ह्यांच्यासाठी वेगळ्या पातेल्यांत अळणी वरण, अळणी भाजी. वाढायचं, समोर बसायचं आणि घासाघासावर नजर ठेवायची. नवऱ्याचं झाल्याशिवाय बायकोने पानावर बसायचं नाही ही माहेरची शिकवण, ती मी क्वार्टरमध्येही सोडली नव्हती. हे अर्धी पोळी चिवडून उठायचे. मग मी आत जाऊन लसणाची चटणी घेऊन जेवायचे. ह्यांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि मला धडकी भरली.

अधूनमधून हे आठ दिवस धारला बहिणीकडे राहायला जायचे. वन्सं विधवा, एकट्या राहायच्या, आणि बोलणं असं की समोरच्याने गप्पच बसावं. एकदा हे तिथून आले ते गाल भरून. दवाखान्याच्या काट्यावर वजन दोन किलोंनी वाढलेलं. मी म्हटलं, नक्की मीठ चारलंय, अंगात पाणी भरलंय. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा नडगीवर अंगठा दाबून धरला. पाणी असतं तर खड्डा पडून राहिला असता. तो पडला नाही. अंगावर मांसच चढलं होतं, आणि तेही वन्संच्या हातचं खाऊन. मला देवापुढे साखर ठेवायला हवी होती, पण माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सोळा वर्षं मी रांधलं, आणि अंगी लागलं ते बहिणीचं!

पुढच्या खेपेला मीही ह्यांच्याबरोबर धारच्या बसमध्ये बसले. वन्संची चोरी पकडायचीच होती. पोचल्यावर त्या अंगणात गेल्या तशी मी आमटीचं झाकण काढून बोट बुडवलं. अळणी. भाजी चाखली, तीही अळणी. मग जेवायला बसायची वेळ झाली. वन्संनी दोन पानं घेतली, एक ह्यांचं आणि शेजारी स्वतःचं; मी नेहमीसारखी मागून बसणार होते. त्याच पातेल्यातून दोघांना वाढलं. त्या जेवत होत्या, शेजारणीच्या सुनेची कुचाळकी करत होत्या आणि हे हसत दुसऱ्यांदा भात मागत होते.

मी न राहवून विचारलं, "वन्सं, तुमच्या पानात तरी मीठ वाढू?"

"नको गं. हा आला की मी हेच खाते. एकट्याला अळणी गिळवतं का कुणाला?"

मी मिठाचा डबा जागेवर ठेवून दिला.

देवासला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ह्यांच्या शेजारी माझंही पान मांडलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी अळणी वरणभाताचा पहिला घास घेतला आणि तो तोंडात फिरू लागला. इतके महिने मी हे ह्यांना एकट्याने खायला लावत होते. डोळे भरून आले.

हे हळूच म्हणाले, "लिंबू पीळ त्यावर. ताईसुद्धा तसंच करते."

त्या दिवशी ह्यांनी पूर्ण दोन पोळ्या खाल्ल्या. मीही लिंबू पिळून सगळं पान संपवलं, आणि त्या ‘ताईसुद्धा’चा राग इतका आला होता की मीठ नाही हे मला कळलंच नाही.