वीस जणांचं पथ्य

आमच्या मेसच्या काकी भात वाढायला आल्या की भाताचा गंज, म्हणजे पातेलं, पाठीमागे धरून उभ्या राहत. समोरच्याला आतला भात दिसू नये, एवढीच त्यामागची खटपट. कोणी दुसऱ्यांदा भात मागितला तर त्या आधी त्याच्या तोंडाकडे बघत, मग पोटाकडे, आणि म्हणत, "बस झालं तुमाले." महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसाला असं सांगणारी मेसवाली मी आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. आणि हे गोंदियात. जिथे गावाबाहेर पडलं की चहूकडे धानाच्या बांध्या, गावात राईस मिलचा कोंडा नाकातोंडात जातो आणि जेवलात का म्हणून विचारायचं तर 'भात खाल्ला का' असं विचारतात. तिथे भात लपवणं म्हणजे समुद्रकाठी मीठ लपवण्यासारखं.

पण काकी मुळात अशा नव्हत्या. मी वर्धेकडून बदली होऊन इथल्या मोजणी कार्यालयात आलो, तेव्हा माझं वजन सत्तर किलो होतं. रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत काकींची मेस होती. आम्ही वीस जण जेवायला असायचो. काकी आमगावकडच्या, घरची शेती, त्यामुळे तांदूळ घरचाच. नवरा रेल्वेत पॉइंट्समन होता, तो निवृत्त झालेला. त्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणत असू. पहिल्या दिवशी मी दोन पोळ्या आणि घासभर भात खाऊन उठायला लागलो, तर काकी दारातच आडव्या आल्या. "भाऊ, पोरगी पाहाले आलेत का तुमी? असे लाजून काऊन राहिले?" म्हणाल्या आणि पुन्हा बसवलं. बारीक माणूस मेसमधून उठून रस्त्यानं जाणं त्यांना अपमानासारखं वाटे. दीड वर्षात मी अठ्ठ्याऐंशी किलोंवर गेलो. नवा कोणी मेस लावायला आला की त्या मला बोलावून दाखवत. "हे आले तवा काडी होते," असं माझ्याकडे बोट करून सांगत, आणि तो माणूस लगेच पैसे भरी.

काकाजी पंगतीच्या शेवटच्या पाटावर बसत. तरुणपणी ते कबड्डीत गाजलेले. खेळ सुटला, खुराक राहिला. पहिला भात वरणाशी, दुसरा भाजीच्या रश्श्याशी, तिसरा ताकाशी, आणि हात धुवायला उठण्याआधी मूठभर नुसता, चिन्नोर तांदळाचा वास चांगला येतो म्हणून. वजन एकशे चार किलो. साखरेचा आजार जुना, पण काकाजी त्याला घरजावयासारखा वागवत. आहे तर आहे, त्याच्याशी बोलायला कोण जातं. एका हिवाळ्यात उंबऱ्याला ठेच लागली. जखम भरेना. बोट काळं पडलं आणि शेवटी ते कापावं लागलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की वजन उतरवा, भात निम्म्यावर आणा, नाही तर पुढच्या वेळी गोष्ट बोटावर थांबणार नाही.

काकींनी आधी सरळ मार्ग धरला. काकाजींचं ताट स्वयंपाकघरात वेगळं वाढलं. एक भाकर, पालेभाजी, दोन घास भात. बाहेर आमची पंगत चाललेली, ताटांचे आवाज, आमच्यातल्या पांडेजींचं हसणं. काकाजी आत बसून ते ऐकत राहिले आणि ताटाला हात न लावता उठले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ते बँडेज बांधलेला पाय ओढत बाहेर आले, आपल्या पाटावर बसले आणि तीन वेळा भात घेऊन जेवले. काकी वाढत होत्या. त्या दिवशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाच आम्ही घाबरायला हवं होतं.

सोमवारी ताटं आली तर त्यात आधी काकडी आणि मुळ्याचा ढीग. तो संपल्यावर पातळ भाजी, घट्ट वरण, एक भाकर. सगळ्यात शेवटी काठाबरोबर सपाट केलेला एक वाटी भात. काकाजींनाही तेच, आम्हालाही तेच. पांडेजी हे बालाघाटकडचे गृहस्थ, बाजारात कापडाच्या दुकानात होते आणि मेसमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. त्यांनी वाटी उचलून विचारलं, "काकी, ये प्रसाद है क्या?"

"होय," काकी म्हणाल्या, "अन् प्रसाद दुसऱ्यांदा मागत नाई."

त्या दिवसापासून गंज पाठीमागे गेला. कुरकुर केली की काकी सांगत की भूक आणि सवय या सारख्या चेहऱ्याच्या बहिणी आहेत, दारात आली ती कोणती हे आधी ओळखावं. "पानी प्या अन् दहा मिनिटं थांबा. भूक असन तं थांबन, सवय असन तं निघून जाईन." मी थोडा शिकलेला, म्हणून एकदा मोबाईल काढून त्यांना कॅलरीचं गणित समजावलं. कोणत्या पदार्थात किती, दिवसाला किती लागतात, किती कमी केल्या की वजन उतरतं. काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे क्यालरी दिसते का?" मी नाही म्हटलं. "भात दिसते," त्या म्हणाल्या, "जे दिसते ते कमी करा." पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण याच्यापलीकडचं काही हाती लागलं नाही.

दहा दिवस आम्ही सोसलं. मग मेसमध्ये बंडाची भाषा सुरू झाली. काकी तांदूळ वाचवून राहिल्या, असा सगळ्यांचा निष्कर्ष निघाला. काकडी, मुळा, पालेभाजी तांदळापेक्षा महाग पडते आणि तांदूळ तर त्यांच्या घरचा, हे वीस सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. पांडेजींनी बाजारातली दुसरी मेस पाहून ठेवली होती, तिथे भाताला मर्यादा नव्हती. जाण्याआधी एकदा बोलून बघावं असं ठरलं आणि सरकारी नोकर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अर्ज कसे करावेत हे मला कळतं, अशी त्यांची समजूत होती.

मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा काकी मुळे किसत होत्या. मी घसा साफ करून आमचं म्हणणं मांडलं. जाणाऱ्यांनी खुशाल जावं, असं त्या मान वर न करता म्हणाल्या. मग किसणी बाजूला ठेवली आणि दाराबाहेर काकाजी नाहीत ना, हे डोकावून पाहिलं.

"त्याइले एकट्याले कमी वाढलं तं ते उपाशी उठतेत, नाई तं चोरून खातेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मनते, मले शिक्षा झाली. आता वीस जन संगं कमी खाऊन राहिले तं त्याइले शिक्षा वाटत नाई, पंगत वाटते. डाक्टर पाय कापीन मनते, भाऊ. मी काय करू?"

तुम्हाला आधी सांगता आलं नसतं का, एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या की वीस जणांना सांगितलेली गोष्ट काकाजींना कळायला एक पंगत पुरते, आणि कळलं की ते हट्टानं जेवायचं सोडतील. मग पदरानं डोळे पुसले आणि मुळ्यानं डोळ्यांत पाणी येतं म्हणाल्या. मुळ्यानं येत नाही, कांद्यानं येतं, पण मी तिथे सरकारी नियम काढला नाही.

बाहेर येऊन मी पांडेजींना आणि बाकीच्यांना कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि सगळं सांगितलं. "ये पहले बोलना था ना," पांडेजी म्हणाले, आणि समोरचा आलूबोंडा त्यांनी बशीसकट बाजूला सारला. तो मग मी खाल्ला. बंड तिथेच मोडलं.

त्यानंतर पांडेजींनी जे केलं त्याबद्दल मी त्यांचे शंभर अपराध माफ करतो. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी जाहीर केलं की आपलं पोट फार वाढलं आहे, घरी गेलं की बायको ओळखत नाही, तेव्हा आपण वजन उतरवणार, आणि या मेसमध्ये आपल्याशी टक्कर देईल असा माणूस नाही. शेवटचं वाक्य त्यांनी काकाजींकडे बघून म्हटलं. काकाजींनी ताटातून मान वर केली. कबड्डीच्या मैदानावर ज्यांच्यावर अशी नजर रोखली गेली असेल, त्यांची मला दया आली.

वजन कुठे करायचं हा प्रश्न होता. गल्लीच्या तोंडाशी धानाच्या व्यापाऱ्याचं गोदाम होतं, तिथे चाळीस-चाळीस किलोंचे कट्टे, म्हणजे धानाची पोती, तोलायचा मोठा काटा होता. दर रविवारी सकाळी आम्ही तिथे रांगेनं उभे राहू लागलो. काट्यावरचा हमाल वजन सांगताना धानाच्या सवयीनं ओरडून सांगायचा, त्यामुळे कोण किती भरतो हे भाजी घेणाऱ्या बायांनाही कळे. पहिल्या रविवारी काकाजी काट्यावर चढले, तर त्यानं आकडा पाहून "अडीच कट्टे" अशी हाक दिली. काकाजी लाल झाले. मी काय धान आहे का, असं काहीतरी पुटपुटत उतरले. पण पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन उभे होते.

हे सगळं सरळ चाललं असं नाही. पांडेजी दुकानातून येताना कचोरी खाऊन येत आणि मग मेसमध्ये वाटीतला निम्मा भात परत करून संत होत. मी एकदा चौकात जिलेबी खाताना काकींना दिसलो. त्यांनी हाक मारली नाही, नुसत्या थांबून बघत राहिल्या. ती जिलेबी मला अजून गिळता आलेली नाही. काकाजींचं वजन मात्र तिसऱ्या महिन्यात उतरायचं थांबलं. ते रोज संध्याकाळी फिरायला म्हणून स्टेशनावर जात. काकींना संशय आला आणि एक दिवस त्या मागोमाग गेल्या. फलाटाच्या टोकाला, जुन्या दोस्तांच्या घोळक्यात, काकाजी समोसा खात बसलेले. एक संपलेला, दुसरा हातात.

आता काय होतं म्हणून दोस्त मंडळी उठून उभी राहिली. काकी शेजारी बाकावर बसल्या. त्यांनी काकाजींच्या हातातला समोसा घेतला, मोडला, अर्धा स्वतः खाल्ला, अर्धा त्यांना दिला. चांगला आहे, म्हणाल्या. मग दोघं पायी घरी आले. त्या रात्रीच्या पंगतीत काकाजींच्या ताटात भाताची वाटी नव्हती. काकाजींनी ती मागितलीही नाही. आम्ही कारण विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, "आजचा भात स्टेसनावर झाला." पुढे तोच मेसचा कायदा झाला. बाहेर काय खाल्लं ते खरं सांगायचं, तेवढं इथे कमी व्हायचं, आणि कोणी रागवायचं नाही. पांडेजी पहिल्या दिवशी खरं बोलले आणि त्यांच्या ताटात काकडीच राहिली.

पुढच्या धानकापणीपर्यंत काकाजी ब्याऐंशी किलोंवर आले. जखम केव्हाच भरली होती. डॉक्टरांनी कागद पाहून शाबासकी दिली आणि हे कसं साधलं म्हणून विचारलं. काकींसोबत मीही गेलो होतो. काकाजी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मायासाठी वीस जन अर्धपोटी राहिले, साहेब." काकींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना कोणी सांगितलं, कधी सांगितलं, ते आजवर कळलेलं नाही. माझा संशय पांडेजींवर आहे.

त्या रविवारी आम्ही हट्टानं काकींनाही काट्यावर चढवलं. वर्षभरात सगळी मेस उतरली, पण त्यांचं वजन सहा किलोंनी वाढलेलं निघालं. आम्ही परत केलेला, नको म्हटलेला, उरलेला भात टाकवत नाही म्हणून त्या खात होत्या. हमाल आकडा ओरडायच्या आत काकाजींनी त्याला डोळे दाखवले. पण दुसऱ्या दिवसापासून तांदूळ मोजून द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि गंजात उरायचं बंद झालं.

माझी बदली झाली तेव्हा मी बहात्तर किलोंवर होतो. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तर पंगत उठून बराच वेळ झाला होता. त्या वेळेला मी कधी तिथे गेलो नव्हतो. स्वयंपाकघरात काकी एकट्या जेवत होत्या आणि समोर काकाजी पाटावर नुसते बसलेले. पान नाही, पेपर नाही, बोलणं नाही. मी गमतीनं म्हटलं, आता काकाजी तुमच्या भातावर पहारा देतात वाटतं.

"पहारा कायचा," काकी म्हणाल्या. "लगन झालं तवापासून मी जेवाले बसली का ते असेच समोर बसून राहतेत. ड्युटी असन तं मी थांबत होती. लोक मनते, काकीनं नवऱ्याचा जीव वाचवला. मी मायं जेवन वाचवलं, भाऊ. समोर कोनी नसन तं मले घास जात नाई."

काकाजींनी मान खाली घातली आणि पाटावरचा नसलेला कचरा बोटानं झटकला. मला बसायला त्यांनी दुसरा पाट सरकवला. मीही बसलो. काकी सावकाश जेवत होत्या, एकेक घास, आणि आम्ही दोघं पाहत होतो. मध्ये बाहेरून कोणीतरी गाडीची वेळ झाली म्हणून आठवण करून दिली, पण त्यांच्या ताटात अजून दोन-चार घास बाकी होते. माझी गाडी गेली. गोंदियाहून नागपूरकडे गाड्या भरपूर, दुसरी मिळाली.