तिसऱ्या पुकाऱ्यानंतर

"लिहू नका भाऊसाहेब अजून. येतच असंल माणूस."

कोर्टाच्या दारातून अर्धं अंग आत घालून, उजवा हात माझ्या पेनाच्या दिशेनं आडवा धरून मामा हे इतक्या हळू म्हणत की फक्त मलाच ऐकू यावं. मी न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून रोजनामा लिहीत असे. आज दाव्यात कोण आलं, कोण आलं नाही, पुढची तारीख कोणती, एवढंच त्यात लिहायचं असतं. मामा आमच्या कोर्टाचे शिपाई होते आणि पुकारा करणं हे त्यांचं काम होतं.

तुम्ही कोर्टात कधी गेला नसाल तर सुखी आहात. शहाण्यानं ती पायरी चढू नये असं म्हणतातच, आणि त्या पायरीवर माझी सगळी नोकरी गेली, त्यावरून माझ्या शहाणपणाचा अंदाज घ्या. पण कधी काळी गेला असाल तर पुकारा ऐकला असेल. शिपाई दारात येऊन तीनदा नाव घेतो. तिसऱ्या हाकेला कुणी आलं नाही की साहेब तीन इंग्रजी शब्द उच्चारतात, डिसमिस्ड फॉर डिफॉल्ट. ते मी लिहिले की वर्षानुवर्षं चाललेला दावा तिथल्या तिथे निकालात निघतो.

मामांचे तीन पुकारे तीन जागी होत. पहिला दारात, दुसरा पायऱ्यांवर, तिसरा आवारातल्या लिंबाखाली. त्यानंतर कुठल्याही नियमात नसलेला चौथा पुकारा ते फाटकाशी जाऊन रस्त्याकडं तोंड करून देत. वकिलांच्या बाररूममध्ये यावरून त्यांची फार चेष्टा चाले. मामांनी नाव घेतलं की क्रांती चौकातल्या सिग्नलवरची माणसं 'हजर' म्हणतात, असं एक वकील नेहमी सांगायचे. मामा हसत आणि पुन्हा फाटकापर्यंत जात.

हा आवाज त्यांना कोर्टानं दिला नव्हता. शहराबाहेर, शेंद्र्याच्या पलीकडं त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. मामांचं लहानपण माळावर गेलं. दिवस कलला की हाक देऊन कळप गोळा करायचा आणि एखादं मागं राहिलं तर ते येईपर्यंत वाडग्याला कवाड लावायचं नाही, हे त्यांच्या घरचं वळण. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि ते शहरात आले. "मेंढरं संपली भाऊसाहेब, हाक तेवढी उरली," असं ते सांगत. या हाकेवरच कुणा साहेबानं त्यांना शिपाई म्हणून ठेवून घेतलं.

त्या तीन इंग्रजी शब्दांशी मामांचं कधी पटलं नाही. मी नोकरीला नवा असताना आमच्या बारमध्ये एक खूप म्हातारे वकील येत. निजामाच्या काळात उर्दूत वकिली शिकलेले. ते डिफॉल्ट म्हणत नसत, 'अदम पैरवी' म्हणत. एकदा पाणी द्यायला गेलेल्या मामांनी त्यांना दोन्हींतला फरक विचारला. वकीलसाहेबांना विषय मिळाला. ते म्हणाले, पैरवी म्हणजे दाव्याचा पाठपुरावा, अदम म्हणजे नसणं. आणि इंग्रजांचा शब्दही मुळात तसलाच, फ्रेंचांकडून आलेला, उणं असणं, कमी पडणं. डिफॉल्ट करणारा म्हणजे कोर्टानं बोलावलं आणि जो आला नाही तो, एवढंच. मग पलटणीत शिक्षा झालेल्या शिपायाला डिफॉल्टर म्हणू लागले. आपल्या छावणीत पाठीवर ओझं घेऊन उन्हात पळवतात, तो. पैसे बुडवणारा हा अर्थ सगळ्यात शेवटी चिकटला आणि बाकीच्यांना खाऊन बसला.

मामांनी तांब्या हातात धरून सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "म्हंजी पयल्यांदा तो निस्ता न आलेला माणूस व्हता. लबाड मागून केला त्याला."

नंतरच्या वर्षांत हा शब्द शहरभर झाला. पाणीपट्टीचे डिफॉल्टर, बँकेचे डिफॉल्टर, सोसायटीच्या फळ्यावर नावानिशी डिफॉल्टर. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि शिव्याही त्याला नव्या लागत होत्या. वर्तमानपत्रात तो शब्द दिसला की मामा मला बोट ठेवून दाखवत आणि विचारत, ह्याला हाक तरी मारली होती का कुणी?

आता गयाबाईंचं सांगतो. मामांची आठवण त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

गयाबाई मामांच्याच भागातल्या, मेंढपाळ घरातल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पंचवीस-तीस मेंढरं हाच प्रपंच. सासऱ्याच्या काळापासून त्यांची मेंढरं शेजारच्या रानातून विहिरीवर पाण्याला जात. कारखाने आले, जमिनीचे भाव चढले, शेजाऱ्यानं रान शहरातल्या एका माणसाला विकलं. त्यानं प्लॉट पाडायला घेतले आणि वहिवाटीच्या वाटेवर काटेरी तार ओढली. वाट मोकळी करून द्या, एवढाच बाईंचा दावा होता. त्यात पुन्हा दुष्काळ पडलेला, दुसरं पाणी जवळ कुठं नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मेंढरं जगवायची कशी, हा त्यांचा खरा प्रश्न होता.

बाईंना ऐकू फार कमी येई. पहिल्याच तारखेला त्या लिंबाखाली बसून राहिल्या आणि मामांनी त्यांना शोधून आत आणलं. तेव्हा मामा त्यांना म्हणाले, "आक्का, तू बिनघोर हितं बस. म्या हाक देतो. माझी हाक तुला ऐकू यील." आणि खरंच येई. कोर्टातल्या सगळ्या गलक्यात गयाबाईंना तेवढा एक आवाज कळे. नाव निघालं की त्या पदर सावरून उठत. वकिलापेक्षा त्यांचा त्या हाकेवर जास्त भरवसा होता.

त्या तारखेला मामा उशिरा आले.

हर्सूलला त्यांच्या गल्लीत कित्येक दिवसांनी टँकर आला होता. तळं आटून भेगा पडलेल्या, नळ नावालाच. मामींचे गुडघे गेलेले, हंडा उचलवत नव्हता. मामा ड्रम भरायला थांबले. एवढ्या वर्षांत कामावर त्यांना उशीर झालेला मला आठवत नाही. त्यांच्या जागी शेजारच्या कोर्टातला शिपाई आला आणि त्यानं दारात उभं राहून एका दमात तीनदा नाव घेतलं. बाईंचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले. समोरचे वकील उठून उभे राहिले. साहेब कायद्यानं बोलायचं ते बोलले, आणि मी लिहिलं.

मामा धापा टाकत आले तेव्हा गयाबाई लिंबाखालीच होत्या. त्यांनी मामांना विचारलं, "दादा, आज लई येळ लागला रं माझ्या नावाला?"

मामा माझ्याकडं आले. मी त्यांना रोजनामा दाखवला. त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं, ते बाईंच्या शेजारी मातीत बसले होते आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत होते. बाई रडल्या नाहीत. उलट मामांच्याच पाठीवरून त्यांनी हात फिरवला.

दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज करता येतो. पण बाई आवारात हजर होत्या, हे सांगणार कोण? मामा म्हणाले, मी सांगतो. त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं. त्यात आपण त्या दिवशी उशिरा आलो आणि बाईंना आपल्या हाकेवर विसंबून राहायला आपणच सांगितलं होतं, हेही लिहून दिलं. आम्ही सगळ्यांनी समजावलं की मामा, निवृत्ती तोंडावर आलीय, कशाला हात पोळून घेता? तोवर त्यांच्या उशिराची कुणी दखलही घेतली नव्हती.

"नाय भाऊसाहेब. ती आल्ती. न आलेला म्या व्हतो," मामा म्हणाले. "डिफाल्टर म्या हाये, तिचं नाव कामून त्यात?"

रीतसर खुलासा मागवला गेला आणि नोकरीच्या शेवटाला मामांच्या सेवापुस्तकात ठपका बसला. मला त्याचा संताप आला होता, अजून येतो. मामांना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

अर्ज मंजूर होऊन दावा पुन्हा जिवंत झाला. पण तोवर उन्हाळा सरला होता. प्लॉटवाल्यानं तारेच्या जागी भिंत घातली होती आणि विहीर मुरूम टाकून बुजवली होती. पाण्यावाचून काही मेंढरं मेली, उरलेली बाईंनी विकली. दावा चालू राहिला, आणि बाई रिकाम्या हातांनी प्रत्येक तारखेला येत राहिल्या. मामांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. फक्त तेव्हापासून त्यांचा पुकारा फाटकाबाहेर, थेट रस्त्याच्या पलीकडं जायला लागला. पाहणाऱ्याला गंमत वाटायची. मला त्यांच्याकडं बघवत नसे.

निवृत्तीनंतरही गयाबाईंच्या तारखेला मामा येत. हर्सूलहून सिटी बसनं यायचं, लिंबाजवळ उभं राहायचं, आत नाव निघालं की बाहेरून ते आपल्या आवाजात बाईंना ऐकवायचं. नवे शिपाई काही म्हणत नसत. नंतर नंतर तो आवाज खोकल्यानं तुटू लागला, तरी बाईंना कळत असे.

मामा गेले तेव्हा माझी त्याच आवारातल्या नकला विभागात बदली झालेली होती. त्यांच्या मातीला मी गेलो. गयाबाईंना कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या तारखेला त्या नेहमीसारख्या येऊन लिंबाखाली बसलेल्या मला दिसल्या. मी जवळ गेलो. कानाशी बोललो, त्यांना ऐकू आलं नाही. शेवटी भर आवारात ओरडून सांगावं लागलं, मामा गेले. आवारातली सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली.

बाई उठल्या. पदर झाडला, डोक्यावरून घेतला आणि फाटकाशी गेल्या. हर्सूलच्या दिशेला तोंड करून तोंडाशी हात धरला आणि माळावर देतात तशी लांब हाक दिली. एक दिली, दुसरी दिली. तिसरी देऊन झाल्यावरही त्या रस्त्याकडंच बघत उभ्या होत्या. मी त्यांना आत चला म्हणून खुणावलं.

"तुमीच लिवता ना त्ये?" त्या म्हणाल्या. "लिवू नका अजून. येतच असंल त्यो."

तेवढ्यात आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. त्यांना तो ऐकू गेला नाही. मी फाटकातूनच होता तेवढा जोर लावून ओरडलो, "हजर आहे." माझा आवाज क्रांती चौकापर्यंत गेला नसेल, पण आत पोचला.