पाण्याखालच्या माणसांची वाट

आधी नवरा, आता पोरगा. आमच्या घरचे दोघंही पाणबुडीत गेले, आणि मी आमगावच्या बाजूला धानाच्या गावात बसून वाट पाहत राहिली. आता खरंच थकली जी.

त्या दिवशी धानाच्या रोवणीवरून येऊन पाय धूत होती. टीव्हीवर सांगून राहिले होते, एका पाणबुडीची मासेमारीच्या ट्रॉलरशी धडक झाली. कोणती, कुठं, काही नाही. पोरगा तेव्हा पाण्याखालीच होता. असा गेला की फोन बंद, आणि कुठं आहे ते बायकोलाही सांगायचं नाही. सून चिखलाच्या पायानंच दारात थांबली.

"आत्याबाई, फोन लावून विचारू का कोनाले?"

"विचारायचं नसते, बाई. काही झालं असलं तं नेव्हीचे लोकं सोताच दारात येतात."

धीर द्यायला बोलली, आणि झालं भलतंच. सून रस्ता दिसेल अशी ओट्यावर जाऊन बसली. गाडीचा आवाज आला की मान वर.

तिला काय हसू? लग्नानंतर बंदरावरच्या क्वार्टरात गेली तेव्हा मी तर अक्कल गावातच ठेवून गेली होती. नवरा सांगितल्या दिवशी आला नाही, तशी नवं लुगडं नेसून, डब्यात झुणका घेऊन थेट गोदीच्या फाटकावर. पहारेकऱ्याला म्हटलं, "आमचे हे इथंच पाण्यात असतील, एक हाक मारा ना." मला वाटे, पाणबुडी म्हणजे आमच्या तलावात बसलेली म्हैस. हाक ऐकली की नाक वर काढेल! पहारेकरी पोट धरून हसला. मी बावळट, डबाही त्यालाच देऊन आली, "वर आले की द्या." झुणका त्यानंच खाल्ला. नवरा आला तेव्हा अंगाला डिझेलचा वास. चहूकडे समुद्र, अन् आंघोळीला पाणी नाही.

नवरा आता नोकरी संपवून घरीच असतो. संध्याकाळी सुनेनं त्यालाच विचारलं, "मामाजी, एवढा मोठा समुद्र. मंग धडकते काऊन?"

नवऱ्याचं सारं आयुष्य कानाला हेडफोन लावून, पाण्यातले आवाज टिपणारं सोनार यंत्र ऐकण्यात गेलं. तो म्हणाला, "खाली डोळे नसतात, बाई. कानच. वर येताना जास्त धोका. ट्रॉलरवाला इंजिन बंद करून बसला, तं आवाजच नाही. मोठं जहाज सरळ समोरून आलं तरी कमी ऐकू येते, इंजिन मागं असते ना त्याचं."

"मंग तुम्ही कसे वाचले?"

"वर कोनी नव्हतं तवा."

"आता चूप बसा," मी म्हटलं. सून जेवली नाही.

रोवणी संपत आली तेव्हा फोन वाजला. "माय, बराबर हावो मी." टीव्हीवरच्या धडकेचं त्यानं काही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नवऱ्यानं फोन घेऊन पाऊसपाण्याचं विचारलं आणि लगेच सुनेच्या हाती दिला. सून आधी रडली, मग आपल्या नवऱ्यावर चिडली. फोन ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.

"पुन्हा जातील ते. आत्याबाई, सवय कधी होते?"

"मले तं हे पेन्शनीत निघाले तरी नाही झाली," मी म्हटलं. "ह्यायले न्हाणीत जास्त वेळ लागला तं दार ठोकतो मी."

ती खुदकन हसली. मी गंमत करत नव्हती.