डाग कुणाचा?

किळस येण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. भाजीत एक अळी दिसली की अख्खा गड्डा केराच्या डब्यात. घरचे तिला नाकमुरडीच म्हणत. आणि नशीब बघा, पोटापाण्याला मिळालं काय, तर दातांच्या दवाखान्यात थुंकदाण्या धुण्याचं काम! नऊ वर्षं लोकांच्या तोंडातलं उपसायचं. घरी येऊन ती कोपरापर्यंत साबण चोळी, तरी जेवण घशाखाली उतरत नसे.

यातून सुटण्यासाठीच ती मावशीकडे भरतकाम शिकायला लागली. मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, भरतकामाचे वर्ग घ्यायची. मुलींच्या शाळेला भरतकामाची बाई हवी होती. "तू नीट शीक. प्रदर्शनात तुझं काम मांडू. मुख्याध्यापिका येणारच आहेत," असं मावशीने सांगितलं. त्या शब्दावर नाकमुरडी सहा महिने जगली.

शिकली मात्र जीव ओतून. साखळी टाका, गहू टाका, गाठीचा टाका. मावशी दोऱ्याचं टोक जिभेवर फिरवून सुईत ओवी आणि तीच सुई पुढे करी. मावशीची पाठ वळली की ही ते ओलं टोक कापून टाकी. कामही मावशी आधी उलटं करून बघे. "सुलट बाजू कुणीही सजवतं," म्हणे, आणि मागे एक गाठ दिसली की अख्खी वेल उसवायला लावी. शिकवण्यात खोट नव्हती, हे कबूल करायला हवं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी टेबलक्लॉथची शेवटची पाकळी भरताना सुई बोटात घुसली. मावशी घाई करत दारात उभी. नाकमुरडीने बोट दाबून धरलं, काम तिच्या हाती दिलं आणि दवाखान्यात कामाला गेली.

दुपारी ती सभागृहात पोचली, तर टेबलक्लॉथवर चिठ्ठी मावशीच्या नावाची! मुख्याध्यापिकांपुढे मावशी पदर सावरत सांगत होती, "वर्षभर डोळे फोडलेत हो. शाळेचे तासही मीच घेईन म्हणते."

नाकमुरडीला वाटलं, इथेच भडाभडा ओकावं.

"हा डाग कसला?" मुख्याध्यापिकांनी पाकळीवर बोट ठेवलं. तिळाएवढा, लाल.

"माझीच सुई टोचली असेल. आत्ता काढते."

भरतकाम करणाऱ्या बायका एक गोष्ट पक्की मानतात : ज्याचं रक्त, त्याच्याच थुंकीने जातं. मावशीने बोट चाटून डाग चोळला. पुन्हा चाटलं, पुन्हा चोळला. तिळाचा वाटाणा झाला. भोवतीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"मावशी, रक्त तुमचंच ना?" वर्गातली एक जुनी बाई म्हणाली.

"मग कुणाचं असणार?"

नाकमुरडी पुढे झाली. चारचौघांत थुंकायचं, तेही मावशीच्या थुंकीवर! अंगावर काटा आला. पण आज गप्प बसले तर उद्या सकाळी पुन्हा तोच दवाखाना, हे तिला पुरतं कळत होतं. तिने पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडात घातला, चघळला आणि ती ओली गोळी डागावर टिपत राहिली. डाग फिका झाला. मग गेलाच.

मुख्याध्यापिकांनी कापड उलटं केलं, मागची बाजू शेवटपर्यंत न्याहाळली आणि नाकमुरडीला विचारलं, "सोमवारी येऊ शकाल?"

"येईन."

तोच मावशीचा हात खांद्यावर पडला. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नाही. "बघितलंत? माझ्याच हाताखाली तयार झालीय हो पोर!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"मावशी," नाकमुरडी म्हणाली, "हात काढ."