तत्त्वनिष्ठ काकांचा पुतण्या

बाजारामागच्या गल्लीत तो जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. पंख्यांच्या, पंपांच्या, गिरण्यांच्या. तांब्याची तार गुंडाळण्यात आणि वार्निशच्या वासातच त्याचा जन्म गेला. वर्षातून एकदा मात्र तो हात खसाखसा घासायचा, इस्त्रीचा सदरा चढवायचा आणि काकांच्या स्मृतिदिनाला व्यासपीठावर जाऊन बसायचा.

काका मंत्री होते. पुतण्या वीज खात्याच्या परीक्षेत पहिला आला, तेव्हा खातं नेमकं काकांकडे. काकांनी स्वतःच्या हाताने त्याचं नाव खोडलं. पुतण्याने त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

पुढे सत्ता गेली, तसे काका एक दिवस जळालेला पंखा काखेत मारून दुकानात आले. गिऱ्हाइकं उठून जागा देऊ लागली, पण ते रांगेतच उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, “तुझ्यावर अन्याय झाला, हे मला कळत होतं. लोकांची भीती नव्हती रे. मला माझीच भीती वाटली. एकदा चव लागली असती, तर हात थांबला नसता.”

पुतण्याने पंखा भरून दिला. तेव्हापासून बोलणं सुरू झालं.

यंदाच्या स्मृतिदिनाला नवे मंत्री आले. शेजारी चिरंजीव, सूनबाई आणि जावई. तिघेही कुठल्या ना कुठल्या मंडळाचे अध्यक्ष. “घराणेशाही ही लोकशाहीला लागलेली कीड आहे,” मंत्री कळवळून म्हणाले. चिरंजीवांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. काकांनी पुतण्याचं नाव कसं खोडलं ते सांगताना तर मंत्र्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. खोडलेल्या पुतण्याकडे लोकांनी कौतुकाने पाहिलं.

खाली उतरताना मंत्र्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. “तुमची मुलगी नर्स आहे ना, लांबच्या दवाखान्यात? उद्या बंगल्यावर या. बदली करून टाकू. काकांचे उपकार आहेत आमच्यावर.”

घरी बायको म्हणाली, “तेव्हा काकांमुळे अडलं. आता काका नाहीत, मग आता कुणामुळे अडलंय?”

सकाळी तो बंगल्यावर गेला.

बाहेरच्या खोलीत मांडीवर तान्हं मूल घेऊन एक नर्स बसली होती. तीही बदलीसाठीच आली होती. तेवढ्यात साहेबांचा सहायक आला आणि पुतण्याच्या कानाशी लागला, “चला आत. जागा एकच आहे, हिच्या नावावर निघाली होती. पण साहेब म्हणाले, आधी घरचं माणूस.”

हा उठला. दारापर्यंत गेलाही. मग म्हणाला, “माझं काही काम नाही. त्यांना पाठवा आत.”

बायकोने आठवडाभर अबोला धरला. लेक फोनवर म्हणाली, “बाबा, बरं केलंत, असं मी म्हणणार नाही. इथे दोन बस बदलून जावं लागतं.” मग तिने विचारलं, “बाळ केवढं होतं हो तिचं?”

पुढच्या स्मृतिदिनाचं आमंत्रण आलं नाही. काकांच्या निःस्पृहपणावर मंत्र्यांचे जावई बोलले. छान बोलले म्हणे.