इन्सुलिन पोचेपर्यंत

बाबा तापट, आणि मी त्यांचीच लेक. त्यामुळे पुण्याहून मी फोन केला की तब्येत, पीकपाणी, आणि लगेच भांडण. मग ते धाडकन फोन ठेवायचे.

माझं काम मधुमेहाच्या गणिताचं. जेवल्यावर रक्तातली साखर कशी चढते, इन्सुलिन टोचल्यावर कशी उतरते, ते समीकरणांत मांडायचं. सगळी मेख मधल्या वेळात. टोचलेलं इन्सुलिन अंगात मुरणार, तेव्हा कुठे साखर उतरणार. "पोरगी साखरेचा हिशोब करते," असं बाबा गावाकडे मोताळ्याच्या बाजारात ऐटीत सांगत.

मग त्यांनाच इन्सुलिन सुरू झालं. त्या साली बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली होती. सकाळच्या फवारणीनं अळी मेली नाही, की बाबा दुपारी पुन्हा पंप पाठीला लावत. तीच रीत त्यांनी सुईला लावली. पोळ्याच्या दिवशी सुई घेऊन पुरणपोळ्या हाणल्या, तासाभरानं साखर मोजली, चढलेलीच दिसली, म्हणून परत टोचलं! दोन्ही सुया मिळून साखर पार तळाला गेली, आणि आईला ते गोठ्यात घामानं भिजलेले सापडले. जीभ जड झाली होती, पण शुद्ध होती, म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं.

कळताच मी पुण्याहून निघाले, घरात शिरले ती रडत आणि भांडतच.

"जीव गेला असता तं, बाबा?"

"मंग पयल्या सुईनं साखर उतरत काऊन नाई? औषधातच दम नसन."

मी कागदावर आलेख काढून दाखवला. त्यांनी तो बाजूला सारला. माझं डोकंच फिरलं.

"वावरात पाणी सोडलं तं लगेच पार टोकाच्या धुऱ्यापर्यंत जाते का? नाई पोचलं म्हणून दुसरी मोटर लावता का तुम्ही?"

"नाई व," बाबा म्हणाले. "पाणी चालून राह्यलं असते."

"मंग हेही चालूनच राह्यलं असते!"

मी पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी भरदुपारी त्यांचा फोन आला. ते आपणहून कधी फोन करत नसत.

"जेवताना सुई घेतली तरी साखर चढली हाये, अन् दुसरी सुई समोर दिसून राह्यली. हात शिवशिवते. बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काईबी. पाणी पोचेपर्यंत."

मी माझी समीकरणं सांगितली. त्यांनी मी काय जेवले ते विचारलं आणि त्यावरून मला झापलं. आम्ही भांडलो, हसलो, परत भांडलो. मग बऱ्याच वेळानं आईनं त्यांची साखर मोजली.

"उतरली व माय," बाबा मला म्हणाले.

फोन मात्र त्यांनी ठेवला नाही.