झोपाळ्याच्या कडीला दोरा

रोज सकाळी चहाला उकळी येईपर्यंत नीरजा झोपाळ्याच्या कडीत दोरा ओवून गाठी मारत बसे. ऑपरेशनमध्ये एका हाताने मारतात तशा. कारेलीबागेतल्या त्या फ्लॅटमध्ये झोपाळ्याच्या एका साखळीला त्यामुळे कायम दोऱ्यांच्या झिपऱ्या लोंबत असत. डाव्या हाताने ती झरझर गाठी मारी. दारात कुणी आलं, की दोरा आपोआप उजव्या हातात जाई.

हे तिला कुणी मारून शिकवलं नव्हतं. गणपतीत प्रसाद घ्यायला तिने डावा हात पुढे केला, की तिची आई, वसुंधराबाई, नुसत्या थांबत. रागावत नसत. उजवा हात येईपर्यंत प्रसादाची मूठ मिटून उभ्या राहत. जेवणं, लिहिणं, पाहुण्यांना पाणी देणं, हळूहळू सगळं उजव्याने होऊ लागलं. डावा हात तिच्या एकटीचा राहिला.

आता ती डॉक्टर झाली होती आणि सौराष्ट्रातल्या एका सरकारी कॉलेजात तिला सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा मिळाली होती. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा एक वर्ष.

तिचे वडील, अविनाशराव, नंदेसरीच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आले आणि बूट न काढताच झोपाळ्यावर टेकले.

"हं, बोल बेटा. फायदा काय, तोटा काय?"

"पेशंट भरपूर आहेत, बाबा. पहिल्या वर्षापासून हातात काम देतात. नाहीतर काही ठिकाणी नुसतं बघत उभं राहावं लागतं."

"आणि तोटा?"

"झोप नाही. जेवणाचा पत्ता नाही. सीनियर सगळ्यांसमोर सोलून काढतात."

"हे तर आमच्या प्लांटचं वर्णन झालं. खरा तोटा सांग."

खरा तोटा तिला दुपारी कळला होता. तिथेच दुसऱ्या वर्षाला असलेल्या मैत्रिणीचा, उत्कर्षाचा फोन येऊन गेला होता.

"ये तू, बिनधास्त ये," उत्कर्षा म्हणाली होती. "फक्त आमच्या सरांच्या ऑपरेशन टेबलावर डावा हात चालत नाही. मागे एक डावखुरी मुलगी होती, तिला नुसतं जखमेच्या कडा ओढून धरायला लावलं. कंटाळून निघून गेली बिचारी."

"दुसरं युनिट नाही?"

"आहे ना, मॅडमचं. त्या हात नाही बघत, टाका बघतात. पण कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं गं."

फोन ठेवल्यापासून नीरजा उजव्या हाताने गाठी मारून बघत होती. हात ऐकत होता, पण कुरकुरत. समोर माणूस आहे, शीर वाहते आहे, असं मनात आणलं की बोटं गार पडत आणि गाठ सैल राही.

तिने हे सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"थोडे दिवस लपव," अविनाशराव हळू आवाजात म्हणाले. "एकदा जम बसला की कोण विचारतंय?"

"लपवत लपवतच इथवर आले ना, बाबा."

पायाने झोपाळा थांबवून त्यांनी कडीचा दोरा बोटाने चाचपला.

पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज मिळेलही, तिला वाटलं. पण तसले सर काय एकाच कॉलेजात असतात? आणि इतके पेशंट तरी तिथे असतील का? ऊन गॅलरीतून उतरलं तेव्हा तिने फोनवर 'हो' कळवून टाकलं. मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पण बोटं पुन्हा कडीतल्या दोऱ्याकडे वळली.

निघायच्या दिवशी बॅग घेऊन अविनाशराव खाली रिक्षापाशी गेले. शेजारच्या गुजराती काकींनी दारातूनच निरोपाचं "आवजो, बेन" म्हटलं. वसुंधराबाई दही-साखरेची वाटी घेऊन आल्या. नीरजाने हात पुढे केला. डावा.

वसुंधराबाई थांबल्या. चमचा वाटीवरच राहिला. नीरजाने तळवा मागे घेतला नाही. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला. मग आईने दही-साखर त्याच तळव्यावर ठेवली आणि खालून आपल्या हाताचा आधार दिला.

नीरजाने दही चाटलं, तोंड वाकडं केलं आणि चपला घालता घालता म्हणाली, "आंबट झालंय गं. उरलेल्याची कढी कर."